पूरआई खाली आली

पळसघाट, तालुके जळगाव
कार्तिक वद्य चतुर्थी, शके १८५५

कोकिळे,

पळसघाटच्या कौशल्येचा रामराम घे. तुला वाचता येत नाही, म्हणजे बऱ्हाणपुरातलं कोणीतरी शिकलेलं माणूस हे तुझ्यापुढे बसून वाचत असणार. त्यांनाही नमस्कार. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चार इयत्तांवर याहून सुबक येत नाही, सांभाळून घ्यावं.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही आणि आता पाठवते आहे ती कामासाठी. तू म्हणशील, पाटलीण गरजेला आली. आलेच आहे. भांडायचं तर नंतर भांड, आधी ऐक.

भादव्यात पूल गेला. मधले चार खांब आणि त्यांच्यावरचं सगळं पूर्णेनं नेलं. दोन्ही काठांना थोडाथोडा उरला आहे, त्याच्यावर आता मेंढरं बसतात. नुकसान झालं थोडंफार, ते इथे लिहीत नाही. खरी अडचण पुढची आहे. वाळू सगळी सरकली आणि गाड्या जिथून पाण्यात घालायचो तो उतारच हरवला. कापूस घरात येऊन पडला आहे आणि नांदुऱ्याचं स्टेशन त्या काठाला. परवा किसनरावांनी अंदाजानं गाडी घातली तर बैल छातीपर्यंत रुतला, दहा माणसांनी ओढून काढला.

आमचे हे म्हणाले, "कडूबा भोयाले बोलावा. नदी त्याच्याशिवाय कोनाचंच आयकत नाही. म्हना, झालं गेलं गंगेले मिळालं." पाटलाच्या तोंडून एवढं निघालं हेच पुष्कळ झालं. तुझ्या बाबांची नाव अजून घाटावर पालथी पडली आहे. फळ्या उकलल्या, पण सांगाडा शाबूत आहे. तिच्या सावलीला कुत्री वितात. लहान डोंगा मात्र कोणी फोडून चुलीत घातला, नाव विचारू नकोस.

तर बाबांना घेऊन ये. घर शाकारून देतो, सुगीचं धान्य पहिल्यासारखं दर घरातून पोचेल. वाळूत डांगर-टरबुजांची वाडी लावायला जागाही कोणी अडवणार नाही. आमची शालू वरवट बकालला नांदते आहे, बरी आहे. सासूबाई बऱ्या आहेत. गुडघे तसेच.

तुझी कौशल्या

•

पळसघाट
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

कोकिळे,

तुझं कार्ड पोचलं. तुला लिहून देणाऱ्या मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणून जास्तच टोचलं. "वडील जिवंत आहेत. डोळ्यांनी कमी दिसते. गावाने त्यांस खोटे म्हटले. खोट्या माणसाच्या नावेत बसून गाव पार कसे जाईल, असे कोकिळाबाई विचारतात. बाकी कौशल्याबाईंस ठाऊक आहे."

मी हे आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, शेवटची ओळ सोडून.

म्हणजे तू अजून कोणालाच सांगितलं नाहीस. मास्तरांनाही नाही, बाबांनाही नाही. मला वाटलं होतं, गाव सुटलं त्या दिवशीच सातपुड्याच्या चढावर सांगून टाकलं असशील. आता मलाच लिहावं लागणार आणि ते एका परक्या माणसाच्या तोंडून तुला ऐकावं लागणार. मास्तर, तुम्ही भले दिसता. हे घरी सांगू नका.

मास्तरांना आमच्या गावची रीत माहीत नसेल. पूर्णेला पूर आला की पाटलाच्या घरच्या बाईनं जाऊन तिची ओटी भरायची. कुठे भरायची, तर पूरआईपाशी. पूरआई म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. कडूबांच्या आजोबांच्या वेळी थोरला पूर आला, तेव्हा पाणी जिथपर्यंत चढलं तिथे गावानं तो बसवला. घाटापासून पार वर, मारुतीच्याही मागे, टेकाडावर चिंचेखाली. त्याहून मोठा पूर आला तर दगड आणखी वर न्यायचा, खाली कधीच आणायचा नाही. बस, एवढाच नेम.

मी नवी सून होते तेव्हा सासूबाईंचे गुडघे सुजलेले आणि ओटी आपल्याच हातानं भरायचा हट्ट. मी त्यांना जवळजवळ पाठीवर घेऊन त्या चिखलातून चढायची. पहिल्या साली त्याच चढावर घसरले आणि पाच महिन्यांचं पोट रिकामं झालं. सासूबाई म्हणाल्या, "आईची मर्जी." मला त्या वेळी आईचाही राग आला आणि सासूबाईंचाही. आईचा जरा कमी.

दुसऱ्या साली पुन्हा दिवस गेले. पुढल्या पुरात पुन्हा तोच चढ. माझी झोप गेली होती. तुला आठवत असेल, मी घाटावर धुणं आपटत रडायची आणि तू जाळ्यातले झिंगे निवडत म्हणायची, "वैनी, डोळे पुसा व, मासे खारे होतीन."

मग तो पोळा आला. सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली, घाटावर चिटपाखरू नाही. आपण दोघी टेकाडावर गेलो, दगड जुन्या जाळ्यात गुंडाळला, बांबूला लटकवला आणि पालखीसारखा खांद्यावर घेऊन खाली आणला. घाटाच्या डोक्याशी, निंबाखाली ठेवला. वर फूल वाहिलं. युक्ती तुझीच होती, मी नुसती हो म्हणाले.

मला वाटलं होतं लोक ओरडतील, चौकशी करतील, फार तर पोरासोरांवर आळ घेतील आणि दगड तिथेच राहू देतील. पण संध्याकाळी सासूबाई घाटावर आल्या, दगड पाहिला आणि मटकन खाली बसल्या. "आई खाली आली! माह्या गुडघ्याची दया आली तिले. माह्यासाठी आली!" आणि ढसढसा रडल्या. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या रडण्यापुढे कोण काय बोलणार?

आठ दिवसांत पाच गावची माणसं दर्शनाला. नारळवाला येऊन बसला. आमच्या घराला लोक पायरीपासून हात जोडायला लागले. सासूबाई निंबाखाली बसून राहायच्या, अंगारा द्यायच्या. आणि शालू सुखरूप झाली. तेवढं पदरात पडलं, तेव्हा मी म्हटलं, असू दे. तूही म्हणालीस, असू दे. सोळा वर्षं झाली, कोकिळे.

मग नागपूरकडून पुलाची मंजुरी आली आणि ओव्हरसियर साखळी न् तांबडी-पांढरी काठी घेऊन घाटावर उभा राहिला. "सगळ्यात मोठा पूर कुठवर येतो?" सगळ्या गावानं निंबाखाली बोट केलं. आई खाली आली म्हणजे तिनं पूर्णेलाही खाली घातलं, याच्या वर पाणी चढायचं नाही, असंच सगळ्यांच्या मनात बसलं होतं. त्या तेरा वर्षांत मोठा पूर आलाही नव्हता. एकटे तुझे बाबा पुढे झाले.

"आई खाली आली असंन साहेब. पाणी खाली नाही आलं. माह्या बापानं पोरपनी टेकाडावर पाणी पाह्यलं. तिथून मोजा."

आमचे हे हसले. "पूल झाला का नाव बंद. म्हनून बोलून राह्यला हा." एवढ्यावर निभावलं असतं. पण आईला खोटी ठरवली म्हणून सासूबाईंनी निंबाखालून हंबरडा फोडला आणि गाव फिरलं. कोणी नावेत बसेना. सुगीला एका घरातून मूठभर धान्य गेलं नाही. जाळी कापली गेली. ज्या माणसानं गावच्या निम्म्या बायकांना बाळंतपणाला माहेरी पोचवलं, त्याला पोरं घाटावर लबाड म्हणायला लागली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. कडूबांनी कोणाशी वैर केलं होतं?

तू विहिरीवर माझ्याजवळ आलीस. म्हणालीस, "वैनी, सांगू काय?" मी तुझं मनगट धरलं. "शालूचं जमून राह्यलं वरवटले. आता बोललीस तं पोरीचं मोडते, अन् मले घरातून काढतीन." तू मनगट सोडवून घेतलंस. मग घागर उचललीस. आठव्या दिवशी तुमची झोपडी रिकामी होती.

झालं, सांगून टाकलं. आता तरी बाबांना घेऊन ये.

कौशल्या

•

पळसघाट
माघ शुद्ध दशमी

कोकिळे,

तुझ्या दोन ओळी आल्या. "युक्ती कोणाची होती ते कौशल्याबाईंनी पुन्हा आठवावे. बाजारात पळसघाटचा माणूस भेटला. झुंबरबाईचे काय झाले?"

दोन्ही लिहिते. पुढचं मागचं काही लावत नाही.

युक्ती माझी होती. तू तर मागे सरली होतीस. म्हणालीस, "वैनी, आईले हात नोका लावू. आमी भोई, पान्याची खूण हालवली तं आमाले पाप." मी म्हटलं, "पाटलीण मी आहे. मी सांगतो तं उचल." तू उचललंस. मागच्या पत्रात तुझ्यावर ढकललं, कारण मला वाटलं सोळा वर्षांत तू विसरली असशील. विसरायला मला हवं होतं म्हणून तुलाही विसरायला लावत होते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

आता झुंबरबाई. पुंजाजीची बायको. तुम्ही गेल्यावर लग्न होऊन आली, तू पाहिली नाहीस. हसरी होती, दात जरा पुढे. दीड वर्षाची पोर, सत्यभामा.

महालक्ष्म्यांचे दिवस होते. पूर्णा सकाळपासून चढत होती. पाणी निंबाच्या बुडाशी आलं आणि आईच्या पायाला लागलं. मी ओटी भरली. सासूबाई शेजारी पाटावर बसलेल्या, मागे पन्नास बाया. पुलाखाली अजून हातभर जागा दिसत होती. झुंबर पोरीला कडेवर घेऊन आली. पुंजाजी त्या काठावर, शेतातून येऊन पूर पाहून खोळंबला होता, घरात सणाचा स्वयंपाक. तिला त्याला भाकर न्यायची होती आणि त्याच्यासोबत परत यायचं होतं. तिनं मला विचारलं.

"वैनी, जाऊ काय?"

तिनं मलाच विचारलं, कारण ओटी भरणाऱ्या बाईचा शब्द त्या दिवशी आईचा शब्द असतो. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला माहीत होतं, कोकिळे. तिथे उभ्या असलेल्या एवढ्या लोकांत एकटीला मला माहीत होतं की पाण्याची खूण तिथे नाही, दोन पुरुष उंच वर चिंचेखाली आहे. सासूबाईंनी माझ्याकडे वर पाहिलं, किती निर्धास्त पाहिलं.

मी म्हटलं, "जा. आईच्या पायाले लागलं, आता उतरते."

ती पुलाच्या निम्म्यात गेली असेल. वरून लोंढा आला, एक आख्खं बाभळीचं झाड घेऊन. पाणी उतरलं नाही. निंबाखालची आई बुडाली आणि पाणी वर मारुतीच्या पायऱ्यांना लागलं. पुंजाजीनं त्या काठावरून सगळं पाहिलं. झुंबर तिसऱ्या दिवशी चार कोसांवर सापडली. पोर सापडली नाही.

गावात म्हणतात, कडूबाच्या तळतळाटानं झालं. म्हणजे त्यांना लबाडही तेच ठरवणार आणि खुनीही तेच. आणि त्यांनाच नाव घालायला बोलावणार. मी पहिल्या पत्रात "थोडंफार नुकसान" असं लिहिलं होतं ना? ते हे.

मी पुंजाजीच्या दारावरून जात नाही. वळसा घालून जाते.

तू बाबांना घेऊन येऊ नकोस. आलेच तर तोंड कसं दाखवू?

कौशल्या

•

मुक्काम मोताळा
चैत्र शुद्ध त्रयोदशी, शके १८५६

कोकिळे,

पत्ता बदललेला पाहून तू ओळखलं असशील. माहेरी आहे.

नवीन पुलासाठी ओव्हरसियर पुन्हा आला. दुसरा, तरुण, टोपीवाला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाव घाटावर जमवलं आणि तोच प्रश्न केला. तू विश्वास ठेवणार नाहीस, लोकांनी पुन्हा निंबाखालीच बोट केलं. म्हणे, त्या वेळी आईचा कोप झाला होता, शांती केली आहे, आता याच्या वर येणार नाही. पूर मारुतीच्या पायऱ्यांना लागलेला त्याच लोकांनी पाहिला होता! साहेबानं वही उघडली.

मी बायकांतून पुढे गेले. डोक्यावरचा पदर सावरला, तेवढाच धीर. मोठ्यानं बोलले, आमच्या भाषेतच बोलले. "आई खाली आली नाही. मी आनली. पोळ्याच्या दिवशी, भोयाच्या कोकिळेले दम देऊन, तिच्या जाळ्यात बांधून आनली. मले चढ चढवत नव्हता म्हनून. कडूबा खरं बोलले व्हते."

एवढं बोलले आणि वाटलं, आता दगड पडतील. काय झालं सांगू? कोणीच रागावलं नाही. बायकांतून तानुबाई पुढे आली, तिनं माझ्या पायाला हात लावला. "आईनंच तुमच्या हातून आनवलं व वैनी. तिच्या मनात नसतं तं दोन पोरींच्यानं उचलला असता काय तो गोटा?" मागून सगळ्यांनी हाव हाव करत माना डोलावल्या. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी खरं सांगितलं आणि चमत्कार आणखी मोठा झाला. कडूबा तिथल्या तिथे लबाडच राहिले. कोकिळे, मला इतकी शिसारी आली, माझी आणि सगळ्यांची.

पुंजाजी कडेला उभा होता. तो पुढे आला. दाढी वाढलेली, आवाज अगदी हळू.

"वैनी, म्हंजे तुमाले माहीत व्हतं."

"हो."

"झुंबरनं तुमाले इचारलं तवा माहीत व्हतं."

"हो."

"मंग तवा काऊन नाही बोलले?"

मी म्हटलं, "मले घरातून काढतीन म्हनून."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो निंबाखाली गेला, वाकला आणि दगड दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. सासूबाई किंचाळल्या. आमचे हे "ए पुंजाजी!" म्हणून धावले, पण ज्याची बायको-पोर नदीनं नेली त्याला हात कोण लावणार? तो एकटा चढत गेला. दोनदा टेकला. शेंदूर सगळा त्याच्या अंगरख्याला. चिंचेखाली जुनी जागा होती तिथे त्यानं दगड ठेवला आणि वरूनच साहेबाला ओरडून सांगितलं, "इथून मोजा! कडूबा भोयानं सांगतलं व्हतं, ल्ह्या त्याचं नाव!"

साहेब चढून गेला. काठी लावली. मी खाली उभी होते, पण किसनराव जवळ होते, ते सांगतात की वहीत लिहिलं: पुराची खूण, कडूबा भोई यांच्या सांगण्यावरून. त्यावर पुंजाजीनं साक्षीचा अंगठा केला. खाली उतरताना गावातली चार माणसं मान खाली घालून होती. सगळी नव्हती. चार होती, आणि त्यांतले एक म्हणाले, "कडूबाले निरोप धाडा." हे बाबांना सांग. मास्तर, हे त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचा, दोनदा वाचा. त्यांनी यावं की न यावं, ही आता त्यांची मर्जी. मी बोलावत नाही, मला तो हक्क राहिला नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांनी गाडी जुंपायला सांगितली. म्हणाले, "माह्या मायची पूरआई तू नेली. ह्या घरात नोको राहू." सासूबाई तोंड भिंतीकडे करून पडल्या होत्या. मी पाया पडले, त्यांनी पाय ओढून घेतले. त्यांचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. सोळा वर्षं त्यांना वाटत होतं की देवानं आपल्याला एकदा तरी विचारलं.

मोताळ्यात भाऊ अर्जुनराव दारात उभा होता. काही विचारलं नाही. भावजयीनं चुलीजवळ पाट मांडला. मी दोन भाकरी खाल्ल्या, वर वाटीभर वरण. खाल्ल्या म्हणून मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वरवटहून शालू आली. मी घाबरत विचारलं, सासरी काय म्हणाले? शालू म्हणाली, तिच्या सासूबाई पापड लाटत होत्या, ऐकून "अस्सं काय" म्हणाल्या आणि पुढचा पापड घेतला. बस. कोणी तिला बोललं नाही, कोणी घालवलं नाही.

मी रोज पहाटे उठते, दळते, भावाच्या शेतावर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला जाते. कंबर दुखते. रात्री झोप लागते, आणि लागते याचाच राग येतो. बाबांचं गाव गेलं, तुझं बोलणं गेलं, झुंबर गेली, ती पोर सापडलीसुद्धा नाही. आणि इकडे चूल आहे, भाकर आहे, पांघरूण आहे.

कोकिळे, मी एवढ्यालाच भ्याले होते.

कौशल्या